एकेचाळीस नंबरची फांदी

कहकशाने स्वतःच्या सहा वर्षांच्या मेहनतीवर स्वतःच पाणी फिरवलं, आणि तेही निव्वळ कद्रूपणापायी. आता तिला कोणी कद्रू म्हटलं तर हिंगोलीत कुणाला खरं वाटायचं नाही. परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या मुलांना सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून शिकवणारी, अब्बांच्या दुकानात टेकलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय उठू न देणारी अशी ही मास्तरीण. पण दिलदार माणसाचंही मन कुठे ना कुठे अडकलेलं असतंच. कुणाचं दागिन्यांत, कुणाचं जमिनीच्या तुकड्यात. कहकशाचं मन एका झाडात अडकलं होतं.

हे झाड कॉम्प्युटरमधलं. तिचे वडील अजीजभाई घड्याळजी, मोंढ्याच्या बाजाराजवळ त्यांचं दुकान, दुकानामागेच घर. लोक मनगटावरची घड्याळं सोडून मोबाइलमध्ये वेळ बघायला लागले तसे अजीजभाईंनी लाल आकड्यांचे मोठे बोर्ड करायला घेतले. आधी मशिदींसाठी, नमाजाच्या वेळा दाखवणारे. मग मंदिरवाले आले, त्यांना आरतीच्या वेळी आपोआप वाजणारी घंटा आणि नगारा हवा होता. मग शाळेचा टोल आला, मग हळदीच्या सौद्याचा भोंगा आला. बोर्डाचं पोट एकच, आतला प्रोग्राम कहकशाने लिहिलेला, पण दर गिऱ्हाइकाची तऱ्हा वेगळी. कुणाला हिजरी तारीख हवी, कुणाला तिथी, आणि कुणाला यातलं काहीच नको, फक्त आवाज पार वेशीपर्यंत गेला पाहिजे.

एका मुळापासून अशी भावंडं कशी काढायची, कोणत्या बोर्डात काय असायलाच हवं, काय घेतलं की सोबत दुसरं काय घ्यावंच लागतं, आणि कोणत्या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, याचा नकाशा म्हणजे ते झाड. तिच्या विषयात त्याला फीचर मॉडेल म्हणतात. अशा झाडांचा अभ्यास करणारी माणसं जगभर पसरलेली आहेत, आणि त्यांचा निम्मा जन्म दुसऱ्याकडे झाड मागण्यात जातो. कंपन्या आपली झाडं दाखवत नाहीत, आणि मनाने रचलेली खोटी झाडं तपासून काही हाती लागत नाही. कहकशाचं झाड मात्र खरं होतं. त्यातली एकेक फांदी कुणीतरी दुकानात येऊन, स्टुलावर बसून मागितलेली होती. त्याच्याच जोरावर नांदेडला तिची पीएच.डी. चालली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रबंध द्यायचा होता.

नेमकी अशा वेळी पुण्याच्या अपर्णाची मेल आली. अपर्णाही याच विषयात काम करणारी. दोघी कधी भेटलेल्या नव्हत्या, पण कहकशाने आपला पहिला पेपर लिहिला तो अपर्णाच्या झाडावर. लिफ्टचं झाड होतं ते. अपर्णाने ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं, नावांसकट, नियमांसकट, आणि प्रत्येक नियम का आला त्याच्या कारणासकट. आता तिने अदबीने विचारलं होतं, तुमचं झाड मिळेल का? झाडं तपासायची एक नवी पद्धत बसवते आहे आणि माझ्या लिफ्टशिवाय हाताशी दुसरं खरं झाड नाही.

नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि हो म्हणायला जीव होत नव्हता. आपला प्रबंध व्हायच्या आत हिने त्यावर पेपर काढला तर? मग कहकशाने एक युक्ती केली. ही युक्ती सुचते ती या धंद्यातल्या माणसांनाच. झाड द्यायचं, कुठे काय बसवलं त्याच्या नोंदीही द्यायच्या, पण फांद्यांची नावं पुसून तिथे नुसते आकडे टाकायचे. नगारा झाला तेवीस, हिजरी तारीख झाली नऊ, कारणांचा रकाना कोरा. एकोणीस घेतला की तेवीस घ्यावाच लागतो, तेराचं आणि तीसचं पटत नाही. घे बाई, काय तपासायचं ते तपास. वर तिने लिहिलं, 'आनंदाने पाठवत आहे.'

अपर्णाने मनापासून आभार मानले. ते आभार कहकशाला दिवसभर टोचत राहिले, तेव्हा संध्याकाळी तिने अब्बांना सगळं सांगून टाकलं. अजीजभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"म्हंजे घड्याळ दिलं आन काटे काढून घेतले."

"सगळे असंच करतात, अब्बा."

"करत असतील. मी ज्या पोरांना घड्याळ खोलायला शिकवलं त्यातल्या निम्म्यांनी आपल्याच समोर दुकानं टाकली. आपन काय उपाशी मेलो?"

"तुमचं वेगळं आहे."

"व्हय, माझं वेगळंच. मला कुठं प्रबंध लिहायचा हाय," असं म्हणून ते हसले आणि पुन्हा भिंग लावून कामाला लागले. आत स्वयंपाकघरात तिची अम्मी, मदीनाबी, भाकऱ्या थापत होती. कहकशा रुसून तिच्याजवळ जाऊन बसली, तर तिने काही न विचारता गरम भाकरी पुढे सरकवली.

महिना उलटला, आणि नांदेडच्या सरांनी झाड मागितलं. कहकशाने फाइल उघडली तर आकडे. दुसरी उघडली तर आकडे. नावं बदलण्याचा हुकूम तिने एका फाइलवर न सोडता सगळ्या फोल्डरवर सोडला होता! झाड, प्रोग्राम, कोणत्या बोर्डात काय बसवलं त्याच्या नोंदी, गिऱ्हाइकांची नावंसुद्धा, सगळ्यांचे आकडे झाले होते. इंटरनेटवर ठेवलेली प्रत तर एवढी इमानदार, की इकडे जे बदललं ते तिने तिकडेही बदललं आणि महिन्यापूर्वीच्या जुन्या प्रती टाकून दिल्या. कोणता आकडा म्हणजे काय, हे कहकशाने कुठेच टिपलं नव्हतं. माझंच लेकरू, मी ओळखणार नाही का, असा तिचा तोरा होता.

आता लेकरू समोर उभं आणि आईला ओळख पटेना. सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, नावं नसलेलं, कारणं नसलेलं झाड समितीपुढे ठेवता येणार नाही, आणि या वेळी राहिलं तर वर्ष गेलं. कहकशा दुकानात येऊन स्टुलावर बसली ती रडायच्या बेतात. अजीजभाईंनी सगळं ऐकून घेतलं. या माणसाचा स्वभाव असा, की समोरच्याने बोलणी खावीत असं काम केलेलं असलं तरी हा आधी पाणी विचारणार.

पाणी झाल्यावर ते म्हणाले, "कॉम्प्युटर विसरला. पन बोर्ड तर जागच्या जागी हाईत ना? ते त्येंचं काम करूनच राहिले."

कहकशाने मान वर केली. खरंच होतं. प्रत्येक बोर्ड बंद करून चालू केला की आधी स्वतःचा नंबर दाखवतो. त्या नंबरच्या बोर्डात कोणते आकडे बसवलेत ते नोंदींत होतं. समोर उभं राहून बोर्ड काय काय करतो ते बघायचं, एका बोर्डात आहे आणि दुसऱ्यात नाही असं काय ते शोधायचं, म्हणजे एकेका आकड्याचं नाव हाती येईल. कटकटीचं काम होतं, पण होण्यासारखं होतं. तिने अब्बांचा हात धरून त्यांना कामावरून उठवलंच.

पुढचे रविवार बापलेकीचे स्कूटरवर गेले. हळद शिजवायचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाफा आणि तो ओलसर, मातकट वास. शेतांत, अंगणांत, मिळेल तिथे हळद वाळत घातलेली. अजीजभाई स्कूटर हळू चालवत आणि ओळखीचा दिसला की थांबवत, आणि त्यांच्या ओळखीचा नाही असा माणूस त्या रस्त्यावर विरळाच. मागे बसलेली कहकशा लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उन्हात तळत असे.

सेनगावच्या मशिदीत ती फार ऐटीत म्हणाली, "अब्बा, तेराचं आणि तीसचं मला कळलं. दोन्ही एका बोर्डात चालत नाहीत. म्हणजे एक हिजरी तारीख आणि एक तिथी."

"काहून?"

"त्यांचं कसं पटेल?"

"अगं, शाळेच्या बोर्डावर दोन्ही हाईत की. हेडमास्तरला सुट्ट्या दोन्हीकडच्या पायजेत." अजीजभाई पोट धरून हसले. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, पण बोर्डावरचे आकडे मंद लाल होऊन तसेच चालू राहिले. कहकशा बोर्डाकडे बघत राहिली आणि मग तिने कपाळाला हात लावला. तीस म्हणजे बॅटरी. तेरा म्हणजे मोंढ्यातला मोठा भोंगा. तो भोंगा दोनदा वाजला की बॅटरी गार होते, म्हणून तिनेच कधीकाळी त्यांची ताटातूट केली होती. सहा वर्षं एका झाडाखाली बसलेल्या बाईने असा अंदाज बांधावा याची तिला इतकी लाज वाटली की तिने बाहेर येऊन दोन कप चहा घेतला.

नरसीच्या बाजारातल्या छोट्या मारुतीच्या देवळात विष्णुपंत पुजाऱ्यांनी त्यांना ओसरीवर बसवलं. एकोणीस नंबर काही केल्या उलगडेना. तो फक्त याच एका बोर्डात होता आणि त्याला नगारा लागत होता, एवढंच झाड सांगत होतं. कहकशाने तसं बोलून दाखवलं, तर पंत उठून भिंतीवरचं काळं बटण दाबून आले.

"हेच असणार ते. अहो अजीजभाई, माझ्यासाठीच तर केलंत तुम्ही. लोक रस्त्यावर जीपमधून उतरत असायचे, म्हातारीकोतारी चपला काढत असायची, आणि तुमचा नगारा आपला सुरू! देव थांबायला तयार, पण नगारा थांबेना. मग तुमच्या लेकीने हे बटण दिलं. दाबलं की पाच मिनिटं दम धरतो."

"आठवलं!" कहकशा ओरडली. "मी त्याचं नावच 'पंत' ठेवलं होतं."

"माझं नाव यंत्रात?" पंतांना इतका आनंद झाला की त्यांनी प्रसादाचा अख्खा नारळ तिच्या हातावर ठेवला. परतताना स्कूटरवर कहकशाला वाटत राहिलं, हीच गोष्ट मी अपर्णाला कोरी करून पाठवली. पंत पुसून एकोणीस पाठवला.

घरी आली तर अपर्णाचीच मेल वाट बघत होती. नवी पद्धत या झाडावर छान चालली होती. तिने मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, मला वाटतं हे कपडे धुण्याच्या मशीनचं झाड आहे. एकोणीस म्हणजे मध्येच थांबवण्याचं बटण, बरोबर ना? पण एकेचाळीस नंबरची फांदी कळत नाही. तिला कुणी लागत नाही, तिचं कुणाशी वाकडं नाही, आणि सगळ्या यंत्रांत फक्त एक नंबरच्या यंत्रात ती आहे. एवढी एकटी फांदी मी आजवर बघितली नाही. ती कशाची, एवढं तरी सांगाल?

कहकशाने त्याच बैठकीत उत्तर लिहिलं. तुम्ही मला पूर्ण झाड दिलंत आणि मी तुम्हाला आकडे दिले, माझं चुकलं. नावं, कारणं, सगळं पाठवते आहे. फक्त एकेचाळीस मलाही माहीत नाही, तेवढं सापडू द्या.

"अब्बा, एक नंबरचा बोर्ड सेनगावच्या मशिदीत असेल असं वाटलं होतं, पण त्याने दोन दाखवला. मग एक कुठं दिला होता आपण?"

"असंल कुठं तरी," अजीजभाई खोकत म्हणाले, आणि नसलेलं काम आठवून बाहेर निघून गेले.

पुढे दोन दिवस कहकशा एक नंबर शोधत होती. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना ती स्वयंपाकघरात चहा घ्यायला बसली. मदीनाबी पाठमोरी उभी राहून मेथी धुवत होती. पिठाच्या डब्यावर, खोकं नसलेला, तारा उघड्या असलेला एक जुनाट बोर्ड होता. कहकशाने शिकत असताना सुट्टीत केलेला तो खेळ, तिच्या लेखी तो बोर्डच नव्हता. त्याच्या कडेचा पिवळा दिवा लुकलुकला. त्याचा उजेड मांडणीवरच्या भांड्यांवर पडला, आणि मदीनाबीने नळ बंद केला, हात पुसले, पदर डोक्यावर घेतला. असरच्या नमाजाची वेळ झाली होती.

कहकशाने कप खाली ठेवला, बोर्डाची वायर उपटली आणि परत लावली. एक.

"अब्बा! सापडला! एक नंबर घरातच आहे!" ती एवढ्या जोरात किंचाळली की अजीजभाई हातातलं घड्याळ तसंच घेऊन दुकानातून धावत आले.

मदीनाबी मात्र नमाज पढायला जानमाज उलगडत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

कहकशा आनंदात होती, तिच्या ते चटकन ध्यानात आलं नाही. नमाज झाल्यावर ती अम्मीसमोर मांडी घालून बसली, लॅपटॉप मांडीवर. "एकेचाळीस म्हणजे हा दिवा. कारण लिहिते हं. मिक्सर चालू असला की अजान ऐकू येत नाही म्हणून. अब्बांनी तेव्हा असंच सांगितलं होतं मला."

मदीनाबी तिच्या ओठांकडे बघत होती. मग तिने अजीजभाईंकडे पाहिलं. ते दारात उभे होते आणि त्यांची नजर जमिनीवर होती.

"तवा कुठं होता मिक्सर?" मदीनाबी म्हणाली. "मिक्सर तुझ्या पहिल्या पगारातून आला."

कहकशाची बोटं थांबली. समोर येऊन बोल, पाठीमागून बोलू नको, असं अम्मी तिला कायम रागवायची. हाक मारली तर उत्तर नाही, म्हणून ही अम्मीवर किती वेळा चिडली होती. तिला ते सगळं आठवलं.

"तेव्हापासून, अम्मी? आणि मला सांगितलं नाही?"

"तुझ्यासाठी स्थळं येऊन राहिली होती. आईला ऐकू येत न्हाई म्हनलं की लोक पोरीकडं बघतात. रक्तात असंल म्हनतात. मी ह्येंना म्हनलं, कुनाला कळू द्यायचं न्हाई. दवाखान्यात जाऊ म्हनले हे, मशीन कानाला लावू म्हनले, पन ते तर साऱ्या मोहल्ल्याला दिसतं." मग तिने लेकीकडे जरा रागाने पाहिलं. "आन तू समदी स्थळं वापस धाडली. माझं लपवलेलं फुकटच गेलं."

कहकशाला हसू आलं आणि डोळेही भरले. ही बाई इतकी वर्षं चारचौघांत ओठ वाचत बसली, ते माझ्यासाठी, आणि मी आपली चार फांद्या कुणी नेईल म्हणून जीव टाकत होते. तिने अम्मीचे हात हातात घेतले, आणि समोर तोंड करून सावकाश म्हणाली, "मी एकेचाळीस काढूनच टाकते. झाडाला काही होत नाही. अपर्णाला सांगेन, चुकून आला होता."

"ती पुन्याची बाई काय करनार त्येचं?"

"ती एकटी नाही. मोकळं ठेवलं की ज्याला पाहिजे तो बघेल. कुठे कुणी असा बोर्ड करत असेल तर त्याला कळेल, असा दिवाही लावता येतो."

अजीजभाई मधे काही बोलायला गेले तर मदीनाबीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"मग काढून काहून राहिली?" ती म्हणाली. "ठेव. आन कारण बराबर लिही. मिक्सर-बिक्सर नको."

कहकशाने लिहिलं, 'माझ्या आईला ऐकू येत नाही म्हणून.' लॅपटॉप वळवून तिला दाखवलं. मदीनाबीने ओठ हलवत दोनदा वाचलं आणि मान हलवली. मग कहकशाने झाड पंतांसकट, भोंग्यासकट, सगळ्या नावांनिशी पुण्याला पाठवून दिलं.

"गेलं?"

"गेलं."

"मग आता लपवायचं काय ऱ्हायलं," असं म्हणून मदीनाबी उठली. "आन ऐका हो, असाच एक दिवा गंगूताईसाठीबी करा."

गंगूताई शेजारच्या. दोघींच्या परसात कमरेएवढी भिंत, आणि तिच्यावर कोपर टेकून दोघींच्या रोज गप्पा. कहकशा चकित झाली. "त्यांना कशाला? रोज तासभर बोलता की तुम्ही."

"बोलतो ना. मी इचारते भाजी कोन्ती केली, आन ती सांगते पोरगा कधी येनार. लई दिवस झाले, आमी दोघी अशाच बोलून राहिलो. तिला वाटतं मला कळत न्हाई."

ती परसात गेली. मागोमाग कहकशा आणि अजीजभाई दारापर्यंत आले. भिंतीपलीकडे गंगूताई सुपात तूर पाखडत होत्या. मदीनाबीने त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी वर पाहिलं, आणि त्या नेहमीसारख्या बोलायला लागणार तोच मदीनाबीने स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि हात हलवून 'नाही' म्हणून सांगितलं.

गंगूताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सूप हळूच खाली ठेवलं, पदराने हात पुसले, आणि आपलंही बोट उचलून आपल्या कानावर ठेवलं.

दोघी भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसता हसता एकीने दुसरीचे डोळे पुसले, आणि मग कितीतरी वेळ दोघी एकमेकींचा हात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.